भाड्याचं घर, कुत्रा आणि ते 'ईएसए लेटर': अमेरिकेत नक्की काय चालतं आणि काय नाही

अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुप्सवर उन्हाळ्यात, म्हणजे लीज बदलायच्या सीझनला, एक मेसेज हमखास येतो. "अपार्टमेंटवाले पेट रेंट मागतायत, कुणाला स्वस्तात ईएसए लेटर कुठे मिळतं माहितीये का?" (पेट रेंट म्हणजे प्राणी ठेवण्याचं जादा भाडं, आणि ईएसए लेटर म्हणजे मानसिक आधारासाठी हा प्राणी लागतो असं डॉक्टर किंवा थेरपिस्टचं पत्र.) खाली लगेच दोन-तीन लिंका पडतात, एखादा कूपन कोड पण टाकतो, आणि मग घर भाड्याने देणारे कुणीतरी काका येतात आणि ठणकावून सांगतात की हे सगळं फ्रॉड आहे, मी तर सरळ नाही म्हणतो. गंमत म्हणजे लिंक टाकणाराही चुकतो आणि काकाही चुकतात, आणि काकांची चूक जास्त महागात पडू शकते.

मी वकील नाहीये, प्रकरण हातघाईवर आलं तर वकीलच गाठा. पण मूळ गोष्ट समजायला वकील लागत नाही.

'नो पेट्स'ची पाटी कुणासाठी?

देवळाच्या दारात पाटी असते, चपला बाहेर काढाव्यात. नियम सगळ्यांना सारखा. आता एखादा माणूस जयपूर फूट लावून आला तर त्याला कुणी म्हणतं का की हे पण काढून ठेवा? नाही म्हणत, कारण ती चप्पल नाहीच, तो त्याचा पाय आहे. अमेरिकेतला घरांचा कायदा अपंगत्व असलेल्या माणसाच्या प्राण्याकडे साधारण असाच बघतो. 'नो पेट्स' हा नियम पाळीव प्राण्यांसाठी, आणि हा प्राणी कायद्याच्या लेखी पाळीव प्राणी नाहीच, त्या माणसाला त्या घरात राहता यावं म्हणून लागणारी ती गोष्ट आहे.

हा कायदा म्हणजे फेअर हाउसिंग अॅक्ट. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली आणि त्यानंतर आठवड्याभरात, ११ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली. तेव्हा तो वंश, रंग, धर्म आणि मूळ देश एवढ्यापुरताच होता, अपंगत्व त्यात आलं ते १९८८ च्या दुरुस्तीने. त्या दुरुस्तीत एक कल्पना आहे, 'रिझनेबल अकॉमोडेशन', आपण तिला वाजवी सवलत म्हणू. म्हणजे एरवी नियम बरोबर असला तरी अपंगत्व असलेल्या माणसाला त्याच्यामुळे घर वापरणंच अवघड होत असेल तर घरमालकाने तेवढ्यापुरता नियम शिथिल करायचा, जोवर त्याचा अवाजवी बोजा मालकावर पडत नाही. दारापाशी राखीव पार्किंग देणं ही अशी एक सवलत, प्राणी ठेवू देणं ही दुसरी.

थोडक्यात, कायदा प्राण्याबद्दल बोलतच नाही, तो माणसाबद्दल बोलतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचा निम्मा गोंधळ आपोआप सुटतो.

सर्व्हिस डॉग वेगळा, ईएसए वेगळा

सर्व्हिस डॉग म्हणजे ठराविक काम शिकवलेला कुत्रा. अंध माणसाला रस्ता दाखवणारा हा सगळ्यांना माहीत असतो (न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनची 'द सीइंग आय' ही संस्था १९२९ पासून असे कुत्रे तयार करतीये, तिकडच्या रस्त्यांवर ट्रेनिंग चालू असताना ते सहज दिसतात), पण फिट येताना जवळ थांबणारा, शुगर खाली गेली की नाकाने ढोसून सांगणारा, पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार) असलेल्या सैनिकाला वाईट स्वप्नातून उठवणारा, हे सगळे त्यातच येतात.

ईएसए म्हणजे इमोशनल सपोर्ट अॅनिमल. याला वेगळं काही शिकवलेलं नसतं, त्याचं घरात असणं हाच आधार. आणि तो कुत्राच असला पाहिजे असं नाही, मांजर चालतं, ससा चालतो, पक्षी चालतो.

आता इथे लोक अडकतात, कारण दोन कायदे आहेत. दुकान, हॉटेल, सिनेमा थिएटर अशा ठिकाणी चालतो तो १९९० चा अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अॅक्ट, आणि २०११ पासून त्याच्या नियमांमध्ये सर्व्हिस अॅनिमल म्हणजे फक्त कुत्रा (छोट्या जातीच्या घोड्यांसाठी एक वेगळी तरतूद आहे, हसू नका, खरंच आहे). त्या कायद्यात ईएसएला काहीही स्थान नाही. म्हणून तुमच्या मांजराचं लेटर दाखवून तुम्ही पटेल ब्रदर्स या किराणा दुकानात मांजर घेऊन जाऊ शकत नाही. पण घराच्या बाबतीत चालतो तो फेअर हाउसिंग अॅक्ट, आणि तिथे सर्व्हिस डॉग आणि ईएसए दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. घरात चालतो पण दुकानात नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे.

मग त्या सर्टिफिकेटचं काय?

इंटरनेटवर शंभरेक डॉलर टाकले की घरपोच एक पाकीट येतं. त्यात सोनेरी शिक्का असलेलं सर्टिफिकेट, तुमच्या कुत्र्याचा फोटो छापलेलं ओळखपत्र, त्यावर रजिस्ट्रेशन नंबर आणि होलोग्राम, आणि जरा जास्त पैसे भरले तर लाल रंगाचं जॅकेट. दिसायला एवढं सरकारी की आपल्या आरटीओच्या लायसन्सपेक्षा भारी. आणि त्याची कायदेशीर किंमत शून्य. सरकारची अशी कुठलीही राष्ट्रीय नोंदणी अस्तित्वातच नाही, त्यामुळे तो नंबर त्या वेबसाइटच्या स्वतःच्या एक्सेल शीटमधला आहे.

आणि नीट बघितलं तर त्या पाकिटात सगळं प्राण्याबद्दल असतं, त्याचं नाव, त्याची जात, त्याचा फोटो. कायद्याला हवंय ते माणसाबद्दल. म्हणून ते निरुपयोगी, नुसतं महाग आहे म्हणून नाही.

हड, म्हणजे अमेरिकेचं घरबांधणी खातं, त्यांनी जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं होतं की चार प्रश्नांची उत्तरं आणि फी घेऊन कुणालाही कागद विकणाऱ्या वेबसाइटचं सर्टिफिकेट एवढंच पुरेसं नाही. ते मार्गदर्शन २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं, सरकार बदललं की असं होतं, त्यामुळे जुना पीडीएफ उघडून भांडू नका, पण मूळ कायदा संसदेचा आहे, तो तिथेच आहे.

राज्यं पण आता कडक झालीयेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून ईएसए कुत्र्यासाठी लेटर द्यायचं तर त्या डॉक्टर किंवा थेरपिस्टचं त्या माणसाशी निदान ३० दिवसांचं नातं असावं लागतं, म्हणजे आज ओळख आणि आज लेटर हे बंद. आणि साध्या कुत्र्याला सर्व्हिस डॉग म्हणून मिरवलं तर तिथे १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. व्हिसावर असलेल्या माणसाने पेट रेंट वाचवायला हा धोका घ्यावा का, हे ज्याचं त्याने ठरवावं, मी तर घेणार नाही.

खरं लेटर कसं असतं?

कंटाळवाणं असतं. साधं लेटरहेड, लायसन्स असलेल्या डॉक्टरचं, सायकॉलॉजिस्टचं किंवा सोशल वर्करचं नाव, लायसन्स नंबर आणि राज्य, तारीख, सही, आणि मध्ये तीन-चार ओळी: ही व्यक्ती माझ्या देखरेखीखाली आहे, हिला असं अपंगत्व आहे ज्याने रोजच्या जगण्यातली एखादी मोठी गोष्ट बरीच अवघड होते, आणि प्राणी जवळ असण्याने त्या त्रासात मदत होते. बास. आजाराचं नाव लिहायची गरज नाही, गोळ्यांची यादी नको, फाइल तर नकोच नको.

डिप्रेशन, पॅनिक डिसऑर्डर, पीटीएसडी अशा गोष्टी अपंगत्वाच्या व्याख्येत बसू शकतात. "मला टॉमीशिवाय करमत नाही" हे बसत नाही, कितीही खरं असलं तरी.

आणि इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या लोकांमध्ये थेरपिस्टकडे जाणं म्हणजे अजूनही काहीतरी लपवायची गोष्ट आहे. नवरा सकाळी ऑफिसला गेला की दिवसभर घरात एकटी, वर्क परमिट नाही, रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधड, आणि फोनवर आईला सांगायचं "मजेत आहे". अशी बाई थेरपिस्टकडे जात नाही, गेली तरी अपंगत्व हा शब्द स्वतःला लावून घेत नाही, आणि त्यामुळे ज्या सवलतीवर तिचा खरोखर हक्क आहे ती मागतच नाही. दुसरीकडे ज्याला काहीही झालेलं नाही तो कूपन कोड लावून सर्टिफिकेट मागवतो आणि घरमालकांचा विश्वास उडवतो. पहिल्याचं नुकसान दुसऱ्यामुळे होतंय. इन्शुरन्सच्या यादीत बघून आधी थेरपिस्ट गाठा, लेटर हा नंतरचा विषय, आणि कदाचित लेटर लागणारही नाही.

"माझं घर, माझे नियम!"

हे काकांचं वाक्य. काकांचं न्यू जर्सीतल्या एडिसनला एक टाउनहाउस आहे, पै पै जमवून घेतलंय, कार्पेट नवीन टाकलंय, त्यांची काळजी मला कळते. पण कायद्यात सुटका फार थोड्यांना आहे. मालक स्वतः त्याच इमारतीत राहतो आणि तिच्यात जास्तीत जास्त चार घरं आहेत, तर केंद्राचा कायदा बराचसा लागू होत नाही. याला तिकडे गमतीने 'मिसेस मर्फी' सूट म्हणतात, घरातल्या खोल्या भाड्याने देणारी कुणी एक काल्पनिक म्हातारी. दुसरी सूट म्हणजे तीनपेक्षा जास्त घरं नसलेल्या मालकाने एजंट न लावता स्वतंत्र घर भाड्याने दिलं तर. पण राज्यांचे कायदे याहून कडक असू शकतात, न्यू जर्सीचंच घ्या, तिथे मालक राहतो त्या इमारतीची सूट चार नाही तर दोन घरांपुरती आहे. आणि सूट असली तरी जाहिरातीत भेदभाव करायला केंद्राच्या कायद्यात परवानगी नाही. एजंट लावलात, की दुसरी सूट गेलीच म्हणून समजा.

मग मालकाने करायचं काय? विनंती आली की पहिलं म्हणजे "नो" टाइप करू नका. अपंगत्व उघड दिसतंय, म्हणजे अंध माणूस आणि सोबत हार्नेसवाला कुत्रा, तर कागद मागायचाच नाही. दिसत नसेल तर विश्वासार्ह लेटर मागता येतं, आणि लेटर देणाऱ्याचं लायसन्स त्या राज्याच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत तपासता येतं. आजार कोणता, औषधं काय, हे विचारायचं नाही. उत्तर लवकर आणि लेखी द्यायचं, महिनाभर गप्प बसणं हाही नकारच धरला जाऊ शकतो. लेटर संशयास्पद वाटलं तर हाकलून न देता अजून माहिती मागायची, हा संवाद झाला याचा ईमेल तुमच्याकडे असला पाहिजे, कारण उद्या तक्रार झाली तर तोच तुमचा बचाव.

भाडेकरूनेही हेच पाळावं. फोनवर बोलून मोकळं होऊ नका, ईमेल करा, "मला अपंगत्वामुळे वाजवी सवलत हवी आहे" एवढं वाक्य त्यात असू दे. लीज सही करण्याआधी मागितलं तर उत्तम, पण नंतर मागितलं म्हणून हक्क जात नाही. फक्त आधी कुत्रा आणला, तीन महिने लपवला, लीजिंग ऑफिसची नोटीस आल्यावर लेटर काढलं, तर मालकाला शंका येणारच.

पेट रेंट, पेट फी, डिपॉझिट?

द्यायचं नाही. तो पाळीव प्राणी नाही म्हटल्यावर पाळीव प्राण्याचे पैसे कसले? मूव्ह-इनच्या वेळची न परत मिळणारी फी नाही, वेगळं डिपॉझिट नाही, महिन्याचं पेट रेंट पण नाही. पण कुत्र्याने दार कुरतडलं, कार्पेटची वाट लावली, तर त्याचा खर्च सगळ्या भाडेकरूंसारखा तुमच्या नेहमीच्या डिपॉझिटमधून कापला जाणार. घाण उचलणं, पट्टा लावणं, रेबीजची लस, लायसन्स, रात्री दोनला भुंकू न देणं, यातून सुटका नाही. सवलत प्राणी ठेवण्याची आहे, शेजाऱ्यांना त्रास देण्याची नाही.

पिटबुल आणला तर? साप आणला तर?

अपार्टमेंटच्या नियमात जातींची यादी असते आणि वजनाची मर्यादा असते, ती या प्राण्यांना लागू होत नाही. "पिटबुल आहे म्हणून नको" हे कारण चालत नाही. "या कुत्र्याने मागच्या घरी माणसाला चावलंय, हा त्याचा रिपोर्ट" हे चालू शकतं. म्हणजे धोका त्या एका जनावराच्या वागण्यावरून ठरवायचा, जातीवरून नाही. (माणसांच्या बाबतीत आपण हे पाळलं असतं तर काय हवं होतं.) मालकाची इन्शुरन्स कंपनी त्या जातीचा कुत्रा ठेवला तर पॉलिसीच रद्द करणार असेल तर तो मुद्दा अवाजवी बोजा म्हणून मांडता येतो, पण कंपनीकडून लेखी आणा, "माझा एजंट म्हणाला" याला कुणी विचारत नाही.

साप, माकड, कोंबड्या, बकरी यांचं वेगळं आहे. हडच्या २०२० च्या त्या मार्गदर्शनात घरात सर्रास ठेवतात अशा प्राण्यांची यादी होती, कुत्रा, मांजर, लहान पक्षी, ससा, हॅमस्टर, मासे, कासव, यांना फार प्रश्न विचारायचे नव्हते. यादीबाहेरचा प्राणी हवा असेल तर नेमका हाच का, हे पटवून द्यायची मोठी जबाबदारी त्यात भाडेकरूवर होती.

शेजाऱ्याला अॅलर्जी असेल तर?

नुसती अॅलर्जी आहे म्हणून प्राणी नाकारता येत नाही. पण शेजाऱ्याची अॅलर्जी इतकी गंभीर असेल की तेही अपंगत्वच ठरेल, तर मालकाला दोघांचं बघावं लागतं, वेगळा मजला, वेगळी इमारत, कॉमन एसी असेल तर फिल्टर. रूममेट असतील तर मात्र आधी आपसात बोला, कारण किचन एकच आहे.

एमएसला आलेली मुलं आणि कॉलेजची घरं

युनिव्हर्सिटीचं हाउसिंग पण यात येतं. नेब्रास्का-कर्नी युनिव्हर्सिटीने एका विद्यार्थिनीला तिचा छोटा कुत्रा ठेवू दिला नव्हता आणि तिच्या अँग्झायटीचे नको इतके तपशील मागितले होते, सरकारने खटला भरला, २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की विद्यार्थ्यांच्या घरांनाही हा कायदा लागू आहे, आणि २०१५ मध्ये युनिव्हर्सिटीने दोन माजी विद्यार्थ्यांना मिळून १,४०,००० डॉलर देऊन तडजोड केली. काकांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

नकार मिळाला तर हडकडे तक्रार करायला घटनेपासून एक वर्ष असतं, कोर्टात जायला दोन वर्षं. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. व्हिसावर आहोत म्हणून घाबरणारे बरेच जण असतात, तर कायद्याच्या मजकुरात 'कोणतीही व्यक्ती' असं आहे, नागरिक असं नाही.

विमानात नेता येईल का?

ईएसए म्हणून नाही. पूर्वी नेता यायचं, मग लोकांनी कहर केला, जानेवारी २०१८ मध्ये तर नेवार्क विमानतळावर एक बाई युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइटला चक्क मोर घेऊन आली होती (नाही चढू दिलं). जानेवारी २०२१ पासून नियम बदलला आणि एअरलाइन्सवर ईएसए मान्य करायचं बंधन उरलं नाही. ट्रेनिंग दिलेला सर्व्हिस डॉग अजूनही चालतो.

आणि हे लेटर घेऊन पुण्यात परत आलो तर?

काही उपयोग नाही. भारतात ईएसए असा काही कायदेशीर प्रकार नाहीये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सवलतीची कल्पना आहे, पण भाड्याच्या घरात प्राणी ठेवू देण्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. आपल्याकडे आधार आहे तो दुसऱ्या बाजूने, प्राण्याच्या बाजूने. अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे हाउसिंग सोसायटीला बहुमताने ठराव करून किंवा बायलॉज बदलून सुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. केरळ हायकोर्टानेही २०२१ मध्ये अशी बंदी घालणारी कलमं बेकायदा ठरवली.

पण ही सोसायटीची गोष्ट झाली. फ्लॅटच्या मालकाने लीव्ह अँड लायसन्स करारातच प्राणी चालणार नाही असं लिहिलं आणि तुम्ही सही केलीत, तर सेक्रेटरीशी वाद घालून काही मिळणार नाही, तुमचा करार मालकाशी आहे. एजंट "होऊन जाईल हो" म्हणतो त्यावर जाऊ नका. कराराचा मसुदा रजिस्ट्रेशनला जाण्याआधी मागवा, प्राण्यांचं कलम शोधा, आणि कुत्रा ठेवायची परवानगी त्याच्या नावाजातीसकट तिथेच लिहून घ्या.